घरातल्या पुरुषांचा आजार

माझे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांच्या खाटेखाली सोनचाफ्याची फुलं ठेवलेली असायची. देवाचं म्हणून नव्हे. त्यांच्या गालाच्या आतली जखम गाल फोडून बाहेर आली होती आणि तिचा वास घरभर भरून राहिला होता. आमची वाडी वसईत, पापडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. केळी, पानवेली आणि कुंपणाच्या कडेने चाफा. एरवी फुलं पहाटेच बाजारात जायची, त्या वर्षी निम्मी घरातच राहिली. आई सकाळी ताटभर फुलं खाटेखाली सरकवायची आणि दुपारपर्यंत ती काळवंडायची. चाफ्याच्या वासाने तो दुसरा वास जात नव्हता, दोन्ही एकमेकांत मिसळत होते. आजही कुणी केसात सोनचाफा माळून शेजारी बसलं की मी काहीतरी निमित्त काढून उठते.

तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. वडील बोलके गृहस्थ. पानवेलींत काम करताना त्यांचं बोलणं शेजारच्या वाडीत ऐकू जायचं. आधी त्यांना तिखट लागेनासं झालं, मग तोंड पुरतं उघडेना. शेवटी आई चमच्याने पेज भरवायची, ती निम्मी बाहेर यायची. ते तोंडावर पंचा धरून बसत. कुणी भेटायला आलं की भिंतीकडे तोंड करत. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात विजेचा शेक दिला, पण फार उशीर झाला होता.

पुढे दोन-तीन वर्षांत काकांच्या जिभेवर फोड आला. काका वडिलांपेक्षा धाकटे, त्याच घरात राहणारे, बायको-मुलं नसलेले. तेही तसेच गेले. आजोबा माझ्या जन्माआधीच घशात गाठ होऊन गेले होते. मग काय, गावात बोललं जाऊ लागलं की त्या घरच्या पुरुषांना तोंडाचं होतं. रोगाचं नाव कुणी घेत नसे. आमच्या घरात तर 'ते' एवढंच म्हणायचे. 'त्यांना ते झालं.'

ते का होतं याचं कारण ज्याचं त्याच्यापाशी होतं. वाडीत आमचं बावखल होतं, म्हणजे मोठं तळंच. त्याच्याच पाण्यावर केळी आणि पानवेली वाढायच्या. त्याच्या काठचा उंबर आजोबांनी तोडला होता, ते घराला भोवलं, असं काही म्हणत. राजोडीहून सुकी मासळी घेऊन येणारी एक बाई होती. ती दारात टोपली उतरवून आईला म्हणायची, "वयनी, तुमच्या बावखलाचा पानीच वायट." आईने तिथे नारळ फोडला, दिवा लावला. मी संध्याकाळी कपडे काढायला मागच्या बाजूला गेले की त्या हिरव्या पाण्याकडे बघायचं टाळायची. त्यात कुणीतरी बसलंय आणि आमच्या घरातली माणसं मोजतंय असं मला वाटायचं.

त्या मोजणीत आता एकच पुरुष उरला होता. माझा भाऊ. मी त्याला दादा म्हणते. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा.

काकांच्या दहाव्याला नातेवाईक जमले होते. दादा सगळ्यांना पाणी देत फिरत होता. जो तो पेला घेताना त्याच्या तोंडाकडे बघत होता. चेहऱ्याकडे नव्हे, तोंडाकडे. हे मला दिसलं आणि त्यालाही दिसलं असणार, कारण तो हळूहळू ओठ मिटून बोलायला लागला आणि पुढे तसाच बोलत राहिला.

दादाने आयुष्यात कधी तंबाखू खाल्ली नाही. दिवसभर पानवेलींत राबायचा, पानं खुडायचा, जुड्या बांधायचा, पण एक पान कधी तोंडात घातलं नाही. लग्नकार्यात विडा पुढे आला तर हात जोडायचा. तरी रोज सकाळी दात घासून झाले की ओटीवरच्या आरशापुढे उभा राहायचा. उजेडाकडे तोंड करून आ वासायचा, बोटाने एकेक गाल ताणायचा, जीभ वर करायचा, डावीकडे, उजवीकडे. आई त्या वेळी चुलीकडे तोंड करून बसायची. तो आरशापासून बाजूला झाला की ती त्याला चहा द्यायची. काही दिसलं का, असं तिने कधी विचारलं नाही, आणि त्यानेही कधी सांगितलं नाही.

त्याने नारळ लावायचं सोडून दिलं. वाडीत जुनी झाडं पडली की त्या जागी नवं रोप लावायचं, ही आमच्याकडची रीत. तो म्हणायचा की नारळाला फळ धरेपर्यंत कोण बघायला आहे. केळी, वांगी, मुळा, वर्षाच्या आत हाताला येईल तेवढंच तो लावायचा. पंप कसा चालू करायचा, तो बिघडला तर कुणाला बोलवायचं, पानं कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, हे सगळं त्याने आईला आणि मला शिकवून ठेवलं. शिकवताना तो शांत असायचा. निघायच्या तयारीत असलेला माणूस घराच्या किल्ल्या कुठे ठेवल्यात हे सांगतो ना, तसं.

माझं लग्न झालं आणि मी चार गावं सोडून पलीकडे सासरी गेले. त्यानंतर दादासाठी आगाशीचं एक स्थळ आलं. खरं म्हणजे आम्हालाच धास्ती होती, की आमच्या घरचं ऐकून ते लोक माघार घेतील. तसं झालं नाही. मुलीचे वडील म्हणाले की आजार कुणाच्या घरात नाही. मुलगी शिवण शिकलेली, हसरी होती. दादाने तिला पाहिलं, बोलला, घरी आला आणि नाही म्हणाला. आई रडली, आत्याने जेवण टाकलं. मी माहेरी धावत आले आणि त्याला विचारलं की मुलगी आवडली नाही का.

तो म्हणाला, "आवडली. म्हणूनच नाही म्हणालो. तिने आईसारखी पेज भरवत बसायचं?"

पुन्हा त्याच्यापुढे कुणी तो विषय काढला नाही.

आता आत्याबद्दल सांगायला हवं. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लहान वयात विधवा होऊन माहेरी आली आणि आमच्याच घरची होऊन गेली. आई तिला वन्सं म्हणायची. पुढे आईच्याही कपाळावरचं कुंकू गेलं आणि मग त्या दोघी नणंद-भावजय कमी आणि बहिणी जास्त झाल्या.

घरातली मशेरी आत्या करायची. सकाळी चुलीवर तवा ठेवून तंबाखूची पानं काळी होईपर्यंत भाजायची. ठसका लागायचा, डोळ्यांत पाणी यायचं, पण त्या वासाशिवाय आमच्या घरात उजाडायचंच नाही. मग ती पूड कुटून डबीत भरायची. आई, आत्या आणि मी, तिघी मागच्या पायरीवर बसून दातांना, हिरड्यांना ती लावायचो. मला ती बाराव्या-तेराव्या वर्षी मिळाली. दाढ ठणकत होती. आत्याने बोटावर मशेरी घेऊन हिरडीवर चोळली. डोकं गरगरलं, उलटी झाली आणि दाढ थांबली. चार दिवसांत मी स्वतःच मागायला लागले. सासरीही डबी घेऊनच गेले. सासूबाईंचीही होती, त्यामुळे कुणाला त्याचं काही वाटलं नाही. घासायची वेळ टळली की माझं डोकं चढायचं.

वडील आणि काका आजारी असताना जखम पुसायचं काम आत्याच करायची. आईला ते बघवत नसे. आत्या कापूस गरम पाण्यात बुडवून भावाचं तोंड पुसायची, घाण चिंध्या पुरून यायची, हात राखेने घासायची. मग मागच्या पायरीवर बसून मशेरी लावायची. म्हणायची की त्याशिवाय तो वास नाकातून जात नाही. मीही तिच्या शेजारी बसून तेच करायची. हे सारं आमच्या डोळ्यांपुढे होतं, आणि तरीही आम्हा तिघींना आमच्याबद्दल कधी भीती वाटली नाही. तो पुरुषांचा आजार होता. आमची भीती सगळी दादासाठी होती.

ऐंशी साल उलटून गेलं होतं. माझी मुलगी चालायला लागली होती. एकदा माहेरी गेले तर आत्या भाकरी दुधात कुस्करून, नुसती गिळत होती. विचारलं तर म्हणाली की हिरडी सुजलीय, म्हातारपणी दात हलतात. पुढच्या खेपेला तिच्या जबड्याखाली गाठ दिसली. आईने लेप लावला होता. मी जवळ बसले आणि तिने बोलायला तोंड उघडलं.

तो वास आला.

मी आईकडे बघितलं. आईला तो आधीच आला असणार, कारण तिने मान फिरवली. तेवढ्यात दादा वाडीतून आत आला, उंबऱ्यातच थांबला आणि त्याने पटकन तोंडावर हात नेला, स्वतःच्या. त्या क्षणी त्याला वाटलं होतं की वास त्याच्याच तोंडाला येतोय. हे त्याने मला नंतर सांगितलं.

आत्या इस्पितळात यायला तयार नव्हती. ती चिडून म्हणाली, "मला कसं होईल? मी काय पुरुष आहे?"

दादाने आणि मी तिला मुंबईला नेलं. वडिलांना नेलं होतं तेच इस्पितळ, तेच लांबलचक व्हरांडे. तोंडावर पंचे आणि पदर धरून बसलेली माणसं बघितली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्यांच्यात बायकाही पुष्कळ आहेत. वडिलांच्या वेळी मी आले नव्हते. दादा आला होता, पण त्याने तेव्हा फक्त पुरुष पाहिले होते.

हिरडीचा तुकडा काढून तपासायला दिला. निकाल घ्यायला पुन्हा गेलो. डॉक्टर बाई होत्या, पन्नाशीच्या, बारीक आवाजाच्या, केस घट्ट बांधलेल्या. रोग जबड्याच्या हाडात गेल्याचं त्यांनी आम्हाला सांगितलं. शेक देऊन त्रास कमी होईल, त्याहून जास्त आशा धरू नका, म्हणाल्या. मग घरात आणखी कुणाला झालं होतं का, असं विचारलं.

दादा जणू या प्रश्नाची वाट बघतच जगला होता. त्याने आजोबा, वडील, काका, सगळं क्रमाने सांगितलं. कुणाला कुठे झालं, किती दिवस काढले, कसे गेले. शेवटी म्हणाला की आमच्या घराण्यातच आहे ते, आता मीच राहिलोय.

बाईंनी त्याला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाल्या, "गेलेल्यांचं सांगितलंत. आता घरातले जे म्हातारे होऊन गेले, त्यांचं सांगा."

मलाच आठवले, धाकटे आजोबा. आजोबांचे सख्खे भाऊ. त्याच घरात जन्मले, त्याच बावखलाचं पाणी प्यायले, आणि पाठीला बाक येऊन, ऐकू येईनासं होऊन, झोपेतच गेले. आम्ही बोलताना त्यांचं नाव कधीच निघत नसे. त्यांना काही झालंच नव्हतं, मग त्यांना मोजायचं कशाला?

"ते तंबाखू खायचे?" बाईंनी विचारलं.

नव्हते खात. लहानपणीच गळ्यात माळ घातली होती त्यांनी. आजोबा, वडील, काका मात्र उठल्यापासून निजेपर्यंत चुना-तंबाखू लावून पानं खायचे. घरचीच पानं ती.

मग बाईंनी जे सांगितलं ते सावकाश सांगितलं. एका घरात इतक्यांना झालं म्हणजे रक्तातून थोडं येत असेल, ते नाही असं त्या म्हणणार नव्हत्या. पण एका घरातली माणसं नुसतं रक्त घेऊन जन्मत नाहीत, सवयीही एकमेकांच्या घेतात. तोंडाच्या कॅन्सरला तंबाखू हे फार मोठं कारण आहे, मग ती पानातून जावो, विडीतून जावो की मशेरीतून. तंबाखू खाणाऱ्या सगळ्यांना होतो असंही नाही आणि न खाणाऱ्याला कधीच होत नाही असंही नाही. कुणाला होईल हे नेमकं सांगता येत नाही. कुणाला जास्त भीती आहे आणि कुणाला कमी, एवढं सांगता येतं.

दादाकडे बघून त्या म्हणाल्या, "तुम्ही कधीच खाल्ली नाही ना? मग तुम्ही समजता तेवढा धोका तुम्हाला नाही. वर्षातून एकदा तोंड दाखवा, आणि बाकी माणसांसारखं जगा."

मग त्यांनी मला विचारलं, "आणि तुम्ही?"

मी हसलेच. म्हटलं, माझं काय, मी नुसती मशेरी लावते.

त्यांनी मला खिडकीपाशी बसवलं. लाकडी चपट्या काडीने खालचा ओठ खाली केला. बराच वेळ बघत राहिल्या. रस्त्यावरून कुणीतरी भांडी विकत चाललं होतं, त्याचा आवाज येत होता. बाईंनी एक छोटा आरसा माझ्या हातात दिला आणि दाखवलं. ओठाच्या आतल्या बाजूला, हिरडीच्या खोबणीत, जिथे माझी मशेरी राहायची, तिथे एक पांढरा चट्टा होता. वाळलेली भाताची पेज लागावी तसा. मी बोटाने पुसायला गेले. तो पुसला गेला नाही.

हा कॅन्सर नाही, असं त्यांनी लगेच सांगितलं. पण अशा चट्ट्यातूनच कधीकधी तो होतो. कधीकधी होत नाही. मशेरी आजपासून बंद केली तर चट्टा जाईलही. दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं. घरातल्या सगळ्यांत जास्त काळजी आता कुणाची घ्यायची, असं विचाराल तर तुमची, असं त्या म्हणाल्या. हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं की मी मान डोलावली. अर्थ नंतर कळला.

दादाला त्यांनी आत्यापाशी बसायला पाठवलं आणि मला बायकांचं म्हणून काही विचारलं. पाळी, मधेच अंगावरून जाणं, स्तनात कधी गाठ लागली का. आईच्या बाजूचं काही? मी नाही म्हणणार होते. वाडवडिलांचं म्हणजे बापाकडचं, एवढंच आम्हाला ठाऊक. पण मग आईची आई आठवली. तिच्या छातीला एक गळू झालं होतं, ते कधी भरलंच नाही. आम्ही त्याला गळूच म्हणत आलो होतो. किती वय होतं, बाईंनी विचारलं. दात गेलेले, कंबर मोडलेली, नातवंडांची लग्नं झालेली. आईला किंवा मावशीला काही? नाही. तेव्हा त्या म्हणाल्या की एकाच बाईला, तेही इतक्या उतारवयात झालं असेल तर झोप उडवून घेऊ नका. दोघी-तिघींना झालं असतं किंवा तरुणपणी झालं असतं तर गोष्ट वेगळी होती. दर महिन्याला पाळीनंतर हाताने चाचपून बघायचं, आणि वय वाढेल तसं जास्त लक्ष द्यायचं. कसं बघायचं ते त्यांनी दाखवलं. माझं अर्धं लक्ष जिभेच्या टोकाकडे होतं, ते पुन्हापुन्हा त्या खोबणीत जात होतं.

वसईला उतरून टांगा केला. आत्या माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती. दादा टांगेवाल्याच्या शेजारी पुढे बसला होता. पापडीचा बाजार मागे पडल्यावर तो मागे न वळता म्हणाला, "मग मी एवढी वर्षं काय करत होतो?"

त्याच्या आवाजात सुटका नव्हती. त्याला आनंद होईल असं मला वाटलं होतं. मी म्हटलं की बाई म्हणाल्या ना, आता सगळं नीट होईल. घर येईपर्यंत मला फक्त त्याची पाठ दिसत होती.

पुढचे काही महिने त्याने डॉक्टरबाईंवर विश्वासच ठेवला नाही. म्हणायचा, त्यांचं कामच धीर द्यायचं. तो आरशापुढे उभा राहतच होता. मरण इतकी वर्षं त्याच्या सोबतीला होतं. त्याच्या हिशोबाने त्याने वाडी लावली, घर लावलं, एक स्थळ परत पाठवलं. आता ते मरण त्याच्या शेजारून उठून माझ्याकडे येऊन बसलं होतं आणि तो रिकामा झाला होता. एकदा आम्ही दोघं बाजारात गेलो असताना ती आगाशीची मुलगी दिसली. कडेवर एक, हाताला एक. तिने ओळख दाखवली, आईची चौकशी केली. ती गेल्यावर दादा भाजीच्या ढिगापुढे नुसता उभा राहिला. भाजीवालीने दोनदा विचारलं काय देऊ, तेव्हा भानावर आला आणि काही न घेताच चालू लागला.

मी मशेरी सोडली. सोडली असं एका शब्दात म्हणते, पण ते दिवस आठवले की अजून घाम येतो. मी मुलीवर ओरडायची, भाताला मीठ घालायला विसरायची, रात्री दात खायची. सासूबाई डबी लपवून ठेवायच्या, पण वास लपत नसे. शेवटी त्यांनी स्वतःच घासायची जागा बदलली, विहिरीपलीकडे जायला लागल्या. त्यांचे हे उपकार मी विसरलेले नाही.

आत्याची सेवा आईने केली. या वेळी आईला बघवलं. मी आठवड्यातून दोनदा जायची. शेवटच्या दिवसांत आत्याला बोलता येत नव्हतं, हाताने खुणा करायची. एका सकाळी तिने तर्जनी दातांशी नेऊन फिरवली. मला समजलं, पण न समजल्यासारखं केलं. तिने पुन्हा केलं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. आई उठली आणि तिने तवा चुलीवर ठेवला.

मी म्हटलं, "आई, नको."

"आता तिचं काय वाईट व्हायचं राहिलंय?" आई म्हणाली.

तंबाखू भाजल्याचा वास उठला. किती दिवसांनी! माझ्या तोंडाला पाणी सुटलं. जखम जबडाभर पसरलेली आत्या समोर दिसत होती आणि माझ्या तोंडाला पाणी सुटत होतं. मला माझ्याच शरीराची जेवढी भीती त्या क्षणी वाटली तेवढी त्या आरशातल्या चट्ट्याचीही वाटली नव्हती. मी मुलीला उचललं आणि बावखलाच्या काठापर्यंत जाऊन उभी राहिले. आत आईने गरम मशेरी चिमटीत धरून आत्याच्या नाकापाशी नेली. नुसता वास घेतला तिने, आई सांगत होती, आणि डोळे मिटून घेतले. त्याच आठवड्यात ती गेली.

आईने मशेरी सोडली नाही. मी सांगितलं, दादाने सांगितलं, डॉक्टरबाईंचं सगळं तिला समजावून सांगितलं. ती ऐकून घ्यायची आणि मागच्या पायरीवर जाऊन बसायची. आता एकटीच. तिला कधीच काही झालं नाही. गावातल्या बायका मला ऐकवायच्या, बघ, तुझी आई जन्मभर लावतेय, तिला काय धाड भरलीय? डॉक्टरबाईंनी हेही सांगितलं होतं, की सगळ्यांना होत नाही. पण त्या वाक्याचा आधार वाटावा की भय, हे माझं मला ठरवता येत नसे. आईच्या आणि आत्याच्या बोटांना मशेरी एकाच डबीतली लागायची, आणि माझ्याही.

दादा मात्र हळूहळू बदलला. मला इस्पितळात न्यायचं काम त्याने आपल्याकडे घेतलं. माझे यजमान नोकरीला जायचे, त्यांना सुट्टी मिळत नसे. दादा सकाळी सायकलवर यायचा, मी तयार नसले तर रागवायचा. चार-सहा महिन्यांत चट्टा फिका पडला. पुढच्या वर्षी बाईंना तो दिसेना. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. मी विचारलं की आता मी सुटले का.

त्या म्हणाल्या, "धोका कमी झाला. दरवर्षी आणखी कमी होत जाईल. पण जिने कधी लावलीच नाही, तिच्याएवढी तुम्ही लवकर व्हायच्या नाहीत. आता वर्षातून एकदा येत राहा."

म्हणून मी येत राहिले. विरारकडे तोवर वाड्या विकल्या जाऊन इमारती उठायला लागल्या होत्या, आमच्याकडेही लोक विचारायला येत. दादाचे केस पिकले. वडील ज्या वयाला गेले ते वय त्याने ओलांडलं तेव्हा आईने मला हळूच सांगितलं, त्याला कुणी काही म्हणालं नाही. तो एकटाच राहिला. लग्नाला फार उशीर झाला होता असं नाही, त्याला आता घरात दुसऱ्या माणसाची सवय होणं अवघड होतं, इतकंच.

मधे एकदा इस्पितळात आमचा नंबर यायला वेळ होता. व्हरांड्यातल्या बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसली होती, कोकणातली असावी. जबड्याभोवती पट्टी, तोंडावर पदर. तिने माझा चेहरा निरखून बघितला. पट्टी नाही, सूज नाही.

"तुमचं कुठलं?" तिने पदराआडून विचारलं.

मी म्हटलं की मला काही झालेलं नाही.

"मग इथे कशाला येता?"

आजारी नाही आणि बरीही नाही अशा माणसाला काय म्हणतात, ते मला आजही माहीत नाही. दादा पलीकडे बसला होता, तो पुढे वाकून तिला म्हणाला की बहिणीला दाखवायला आणतो, दरवर्षी.

तिने मान हलवली. मग ती बाकावर थोडी सरकली आणि मला नीट बसायला जागा करून दिली.